विचारा ताईंना : यादीत नाव नसलेलं बाळ

मागच्या अंकात मी जाता जाता एका ओळीत लिहून गेले की लस फुकट आहे, गावात येते, तरी काही पोरं सुटतातच, आणि त्यावर एवढे मेसेज आले की यावेळी गुडघेदुखी आणि अ‍ॅसिडिटीवाल्यांनी मला माफ करा, हा अंक पूर्ण लसीकरणाचा. नवीन वाचकांसाठी परत सांगते, मी डॉक्टर नाही. आधी उपकेंद्राची नर्सबाई आणि मग आरोग्य सहायिका, सगळी नोकरी मराठवाड्यात, आता रिटायर. लसीचा डबा खांद्याला लावून फिरलेल्या बाईची उत्तरं आहेत ही, तेवढं लक्षात घेऊन वाचा.

प्रश्न : ताई, मी बीड जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिकवते. शाळेमागच्या वस्तीतलं एक जोडपं ऊसतोडीला सांगलीकडे गेलं होतं. बाळाला जन्मल्यावरच्या लसी आणि दीड महिन्याची लस इथेच मिळाली, मग दिवाळी झाल्यावर ते निघाले ते आत्ता पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर आले. बाळ आठ महिन्यांचं झालंय. शेजारणी तिला सांगतायत की आता सगळा कोर्स पहिल्यापासून करावा लागणार. आणि सिस्टर ओरडतील म्हणून ती जातच नाहीये. काय करू?

बाई, तिला आजच सांगा की पहिल्यापासून काहीही करायचं नाही. मध्ये कितीही गॅप पडू दे, दिलेला डोस वाया जात नाही, जिथे थांबलं तिथून पुढे चालू. म्हणजे तिच्या बाळाला आता पेंटाचा, म्हणजे एका सुईत पाच आजारांवरच्या लसीचा, दुसरा डोस, सोबत पोलिओचे थेंब, रोटाचा म्हणजे जुलाबावरच्या लसीचा दुसरा डोस आणि न्यूमोनियाची लस म्हणजे पीसीव्ही, हे एकाच दिवशी होईल. चार आठवड्यांनी पेंटाचा तिसरा. तोपर्यंत बाळाला नऊ महिने पूर्ण झालेले असतील तर गोवर-रुबेलाची, आपण एमआर म्हणतो ती, त्याच दिवशी दुसऱ्या जागी टोचता येते, त्यासाठी वेगळी खेप नको. एका दिवशी दोन-तीन सुया बघून आईचा जीव वर-खाली होतो, साहजिक आहे, पण बाळाच्या शरीराला त्याचं काही विशेष वाटत नाही. फक्त लवकर जा, कारण काही लसी वर्षाच्या आत सुरू झाल्या तरच पुढे चालू ठेवता येतात, बीसीजी म्हणजे टीबीची लस तर वर्ष उलटल्यावर देतच नाहीत. पेंटा वर्षाच्या आत एकदाही नाही मिळाली तर मग तिच्याऐवजी साधी डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांची) देतात, ती सात वर्षांपर्यंत चालते. तुमच्या वस्तीतल्या या बाळाचं तसं काही झालेलं नाही, पहिला डोस झालाय, तो प्रश्न मिटला.

आता ओरडण्याचं. खरं सांगू का, मीही ओरडलेय. सकाळपासून चाळीस पोरं, उन्हात शाळेचा व्हरांडा, तीन रजिस्टरं आणि त्यात एखादी चार महिने उशिरा आली की तोंडातून निघायचं, इतके दिवस कुठं होतीस गं? ती काय उत्तर देणार, फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत होती, पहाटे तीनला उठून फडात जात होती. अशी एक आई मला अजून आठवते, मी बोलले, ती मान खाली घालून बसली, डोस घेतला, आणि पुढच्या डोसला आलीच नाही. ते पोर लसीतून सुटलं ते माझ्यामुळे, ऊसतोडीमुळे नाही.

पण यात खरा घोळ यादीचा आहे आणि तो समजून घ्या, कारण तुमच्यासारख्या मास्तरीणबाईच तो सोडवू शकतात. आपल्याकडे लसीकरणाचा कार्यक्रम १९७८ साली सुरू झाला, १९८५ पासून त्याला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम म्हणायला लागले, आणि त्याची सगळी मांडणी गावावर आहे. आशाताई तिच्या गावातल्या पोरांची यादी करते, त्यावरून लसीकरणाच्या सत्राच्या आधी ड्यू लिस्ट, म्हणजे कुणाला कुठली लस द्यायची त्याची यादी बनते. जोडपं कोयता घेऊन निघालं की गावची आशा नावापुढे "बाहेरगावी" लिहिते आणि तिचं काम संपतं. तिकडे कारखान्याच्या अड्ड्यावर ज्या उपकेंद्राची हद्द आहे तिथल्या आशाच्या यादीत हे बाळ नसतंच, कारण ते तिच्या गावचं नाही. म्हणजे लस दोन्हीकडे आहे, सिस्टर दोन्हीकडे आहे, आणि बाळ कुठल्याच कागदावर नाही. डिसेंबर २०१४ मध्ये मिशन इंद्रधनुष आलं ते अशाच पोरांसाठी, वीटभट्टी, बांधकामाच्या साइट, पाल ठोकून राहणारे, सगळे त्यात धरले. पण मिशन येतं आणि जातं हो, ऊसतोड दरवर्षी असते.

साधा उपाय सांगते, आमच्याकडे चालला होता. टोळी निघायच्या आधी मुकादमाला गाठायचं. त्याच्याकडे सगळ्यांचे नंबर आणि कुठल्या कारखान्याला कुठल्या गटात कोण चाललंय ते पक्कं असतं, उचल दिलेली असते ना त्यानं, तो कुणाला विसरत नाही! ती यादी आपल्या पीएचसीतून, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातून, तिकडच्या पीएचसीला पाठवायची. आता यू-विन म्हणजे लसींच्या नोंदीची सरकारी ऑनलाइन सोय आलीय, त्यात नोंद झाली की देशात कुठेही पुढचा डोस घेता येतो आणि मागचे दिसतात, चांगली सोय आहे. पण त्यात नंबर नवऱ्याचा असतो, आणि सिम बदललं की नोंद शोधताना सिस्टरची दमछाक, म्हणून कार्ड पाहिजेच. बायकांना मी सांगायचे, आधार आणि रेशनकार्ड ज्या पिशवीत नेता त्याच पिशवीत बाळाचं कार्ड टाका, कपड्यात नको.

प्रश्न : मुंबईत मानखुर्दला राहते. मुलगी नऊ महिन्यांची झाली म्हणून कामावर खाडा करून गोवरच्या लसीला नेलं तर सांगितलं आज पोरं कमी आहेत, बाटली फोडता येणार नाही, पुढच्या वेळी या. पुढच्या वेळी परत तेच. माझे दोन दिवसांचे पैसे गेले. हे बरोबर आहे का?

नाही, बरोबर नाही. नियम असा आहे की एक मूल आलं तरी बाटली फोडायची. केंद्राचं नाव तुम्ही लिहिलंय ते मी छापत नाही, पण पुढच्या वेळी शांतपणे एवढंच म्हणा की "सिस्टर, एका बाळासाठी पण उघडायची असते ना", आणि तरी नाही म्हणाल्या तर तिथल्या मेडिकल ऑफिसरना भेटा.

आता सिस्टर असं का करतात ते पण ऐका, त्या काही दुष्ट नसतात. पेंटाची बाटली उघडली तर नीट थंड ठेवून ती २८ दिवसांपर्यंत वापरता येते, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही. गोवर-रुबेला आणि बीसीजी मात्र पावडर असते, ती त्याच कंपनीच्या पाण्यात कालवायची, पाणीही थंडच हवं, आणि कालवली की बाटलीवर वेळ लिहायची. चार तासांनी उरेल ते फेकायचं. त्यात जंतू मारणारं काही घातलेलं नसतं, चार तासांपुढे ठेवली तर तीच लस बाळाच्या जिवावर बेतू शकते, म्हणून हा नियम कुणी मोडायचा नाही, मीही नाही, तुम्हीही आग्रह करायचा नाही. एका बाटलीत पाच किंवा दहा डोस. एक बाळ आलं आणि बाकीचे डोस फेकले की महिन्याच्या मीटिंगला वेस्टेज वाचून दाखवतात, सगळ्यांसमोर. बाटली वाचवली तर कुणी बोलत नाही आणि बाळ परत पाठवलं तर ते कुठल्याच रिपोर्टात येत नाही. मग सांगा, बिचारी काय वाचवेल?

माझं मत विचाराल तर चार डोस फेकून एक बाळ झालं, तर ते वेस्टेज नव्हेच. २०२२ च्या शेवटी तुमच्याच बाजूला गोवंडीत, मग भिवंडी, मालेगावात गोवर कसा पसरला ते तुम्ही डोळ्यांनी बघितलं असेल, लहान लेकरं गेली त्यात. शेवटी नऊ महिने ते पाच वर्षांच्या सगळ्या पोरांना एक जादा डोस द्यायला सांगितलं गेलं, आणि जिथे अगदी तान्ह्यांमध्येच केसेस जास्त होत्या तिथे सहा महिन्यांपासून. गोवर इतका झपाट्यानं लागतो की शंभरातल्या पंच्याण्णव पोरांना दोन्ही डोस झाले तरच तो थांबतो. आणि गोवर म्हणजे नुसतं पुरळ नव्हे, तो शरीराची जुनी ताकद पुसून टाकतो, मग पुढचे काही महिने न्यूमोनिया, जुलाब, कान फुटणं हे मागे लागतं. आमच्याकडे गोवर आला की दाराला कडुलिंबाचा पाला लावतात, तो खुशाल लावा, पण बाळाला दवाखान्यात न्या आणि व्हिटॅमिन ए चा डोस विचारा, त्यानं डोळे आणि जीव दोन्ही वाचतात.

दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांत असतो हे आत्ताच मोबाईलच्या कॅलेंडरला लावून ठेवा, सगळ्यात जास्त विसरला जाणारा डोस तोच. बाळ चालायला लागलं की सगळ्यांना वाटतं झालं लसीकरण.

प्रश्न : सरकारी दवाखान्यात पेंटा दिली, रात्रभर ताप आणि मांडी सुजली. आमच्या सोसायटीत सगळे प्रायव्हेटमध्ये पेनलेस देतात. सरकारी लस हलकी असते का?

हलकी नाही हो, उलट. सरकारी पेंटामध्ये डांग्या खोकल्याचा जो भाग आहे तो अख्ख्या जंतूचा असतो, मेलेल्या अर्थात, त्यामुळे ताप येतो. पेनलेसमध्ये जंतूचे निवडक तुकडे असतात, ताप कमी, बिल जास्त, आणि डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण तेवढं लांब टिकत नाही. ऐपत असेल आणि रात्री झोप हवी असेल तर घ्या प्रायव्हेटमध्ये, काही पाप नाही, पण सरकारी घेतली म्हणून पोराचं काही कमी झालं असं मनात आणू नका.

प्रश्न : घर बदलताना मुलीचं लसीचं कार्ड हरवलं. ती तीन वर्षांची आहे.

जिथे लस घेतली त्या उपकेंद्राच्या नाहीतर दवाखान्याच्या रजिस्टरला नोंद असते, आधी तिथे विचारा, यू-विनवर पण बघायला सांगा. काहीच सापडलं नाही तर दिलीच नाही असं धरून वयानुसार परत देतात. जास्तीचा डोस झाला तर त्रास होत नाही, राहून गेला तर होतो.

प्रश्न : मी या वर्षी सरपंच झाले. गाव दीड हजार लोकवस्तीचं, विदर्भात. दरवेळी ग्रामसभेत लसीकरणाचा ठराव होतो "शंभर टक्के करू" म्हणून. प्रत्यक्षात सरपंचाने काय करायचं ते कुणी सांगत नाही.

अभिनंदन सरपंचताई! आणि टक्केवारी आधी डोक्यातून काढा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या एक ते दोन वर्षांच्या मुलांमध्ये पूर्ण लसीकरण २०१५-१६ ला ६२ टक्के होतं, २०१९-२१ ला ७६ वर गेलं. आपला महाराष्ट्र तर तेव्हा ५६ वर होता, मग साधारण ७३, म्हणजे पुढारलेलं राज्य म्हणवणारे आपण देशाच्या सरासरीच्या मागे. पेंटाचा पहिला डोससुद्धा न मिळालेली मुलं देशात २०२३ ला १६ लाख होती, २०२४ ला ९ लाखांवर आली असा जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचा अंदाज आहे, मोठं काम झालंय. पण हे आकडे दिल्लीला लागतात. तुमच्या गावात वर्षाला जन्मतात किती पोरं? दीड हजार वस्तीत वीस-पंचवीस. वीस-पंचवीस नावांना टक्के कशाला, नावानिशी बोला.

महिन्यातून एकदा आशाताई आणि अंगणवाडीताईंना ग्रामपंचायतीत बोलवा, चहा द्या, आणि दोघींच्या याद्या शेजारी ठेवा. आशाकडे एक यादी असते, अंगणवाडीत दुसरी, आणि आमच्या अनुभवात दोन्ही कधीच जुळत नाहीत, दोन-तीन नावं इकडची तिकडे नसतातच. ती दोन-तीन नावं म्हणजेच तुमचं काम. माहेरी बाळंतपणाला आलेली मुलगी, शेतावर सालगडी म्हणून राहिलेलं बाहेरचं कुटुंब, गावाबाहेरची भट्टी, मेंढ्या घेऊन उतरलेले धनगर, ते कुणाच्या यादीत आहेत ते विचारा. मग तिसरी गोष्ट बघा, पेंटाचा पहिला डोस किती जणांना झाला आणि गोवरचा पहिला किती जणांना. पहिला २२ पोरांना झाला आणि गोवरचा १६ च पोरांना, तर सहा पोरं मधेच गळालीत. ही सहा पोरं लसीला नाही म्हणणाऱ्यांची नसतात, त्यांचे आईबाप एकदा येऊन गेलेले असतात, नंतर आपणच त्यांना हरवलेलं असतं. का नाही आले ते घरी जाऊन विचारा. एका वस्तीत उत्तर असं मिळालं होतं की सत्र सकाळी दहाला आणि बायका कापूस वेचायला सातला जातात. वेळ बदलली, पोरं आली, त्यासाठी कुठलं पोस्टर नाही लागलं.

आणि जागा द्या. बसायला सावली, हात धुवायला पाणी, लस दिल्यावर अर्धा तास थांबायला सतरंजी. अर्धा तास थांबवायचं असतं कारण एखाद्या बाळाला रिअ‍ॅक्शन आलीच तर सिस्टरच्या समोर येऊ दे.

वीज पण बघा, हे कुणी लिहीत नाही म्हणून लिहिते. पीएचसीत लस आयएलआर नावाच्या फ्रीजमध्ये अधिक २ ते अधिक ८ डिग्रीला ठेवतात. सगळ्यांना वाटतं उन्हाळ्यात लस गरम होऊन खराब होते, ते खरंच आहे, पण पेंटा, डीपीटीसारख्या लसी गोठून पण खराब होतात आणि ते लक्षातच येत नाही. बाटलीवर एक गोल आणि त्यात चौकोन असतो, चौकोन गोलापेक्षा फिका असेल तर लस चांगली, काळवंडला तर टाकून द्यायची, पण तो फक्त उष्णता सांगतो, गोठलेलं सांगत नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला मी डीप फ्रीजरमधले आइसपॅक काढले आणि तसेच कॅरियरमध्ये भरून डीपीटी ठेवली, घाई होती, जीप निघाली होती. संध्याकाळी आमच्या वरच्या बाईंनी एक बाटली हलवून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या बघ. अर्ध्या तासात तळाला दुधाच्या फुटक्या कण्यांसारखं बसलं, वर नुसतं पाणी. गोठलेली डीपीटी म्हणजे पाणीच. त्या दिवशी मी किती पोरांना ते टोचलं होतं ते रजिस्टर बघून मोजलं, अकरा. त्या अकराही घरी मी परत गेले, परत डोस दिला, आणि तेव्हापासून आइसपॅक बाहेर काढून घाम फुटेपर्यंत ठेवायचा, कानाजवळ हलवायचा, आत पाणी खळखळलं की मगच कॅरियरमध्ये. तुम्ही सरपंच आहात, सत्राच्या दिवशी जाऊन नुसतं विचारा "सिस्टर, पॅक खळखळतोय का?" बघा कशा चमकतात.

प्रश्न : ताई मी स्वतः आशा आहे. पहिल्या वर्षाचं पूर्ण लसीकरण झालं की १०० रुपये, दुसऱ्या वर्षाचे ७५. त्यासाठी एका घरी मी सहा वेळा गेलेय, दार लावून घेतात. पहिल्या डोसला पोराला ताप आला होता म्हणून आजी नाही म्हणते. पीएचसीत म्हणतात तुझं मोटिव्हेशन कमी पडतं.

मोटिव्हेशनवाल्यांना एक दिवस तुमच्यासोबत पायी फिरवायला पाहिजे, दुसरं काय बोलू. सहा खेपांना शंभर रुपये, त्यातून चप्पल पण झिजते तेवढ्याची. मोबदला वाढवा म्हणून तुमच्या संघटना रस्त्यावर येतात तेव्हा मी त्यांच्या बाजूची असते, मागेही होते.

आता आजीचं. सातव्यांदा जाल तेव्हा कार्ड आणि रजिस्टर नेऊ नका. रिकाम्या हातानं जा, बसा आणि विचारा की त्या रात्री काय काय झालं. तिला सांगू द्या, मध्ये बोलू नका, किती ताप, कोण जागलं, कुणाला फोन केला. मला खात्री आहे की तिला त्या दिवशी कुणी सांगितलंच नव्हतं की ताप येणार आहे. आम्हाला चार वाक्यं सांगायला शिकवलेलं असतं, कुठली लस दिली आणि कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि झाल्यावर काय करायचं, परत कधी यायचं, कार्ड सांभाळा आणि येताना आणा. गर्दीच्या दिवशी आम्ही चारातलं फक्त तिसरं सांगतो. आजीच्या दृष्टीनं चांगलं पोर नेलं आणि आजारी पोर आणलं, तिचं काय चुकलं? रेशन बंद होईल, दाखला मिळणार नाही असली धमकी अजिबात देऊ नका, तुमच्याकडून दुसऱ्या कुणी दिली तरी सांगा की असं काही नाहीये. त्या गल्लीत जिच्या पोराला तीन डोस झालेत अशी एखादी सून असेल तर तिला सोबत न्या, तुमच्या सहा खेपांपेक्षा तिची एक खेप भारी पडते. आणि तरी नाही म्हणाली तर चिडू नका, पंधरा दिवसांनी परत, पण त्या घरचं दुसरं काही काम निघालं की तेही करा, सुनेचं ब्लड प्रेशर, आजीच्या गोळ्या.

आणि डोस झालाच, तर त्याच रात्री आठच्या सुमारास तुम्ही फोन करायचा, आजीलाच, सुनेला नाही. ताप आलाय का, पॅरासिटामॉल सिस्टरने सांगितलं तेवढंच दिलं का, मांडीला चोळत तर नाही ना, दूध पितंय ना. दोन मिनिटं लागतात. आमच्या एका आशाताईनं हे सुरू केलं होतं आणि तिच्या गावच्या म्हाताऱ्या पुढच्या सत्राला नातवंडं घेऊन स्वतःच येऊन बसायच्या, सिस्टर पोचायच्या आधी.